परसातल्या एशियन पेअरची छाटणी आणि वर्षभराची निगा

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे मागे थोडंफार अंगण असलेल्या बऱ्याच मराठी घरांत एशियन पेअरचं एखादं झाड असतं. कुणी हौसेनं लावलेलं, कुणाला घराबरोबर आधीच्या मालकाकडून मिळालेलं. तक्रारीही ठरलेल्या. झाड आभाळात गेलंय, फळं हाताला येत नाहीत. एका वर्षी फांद्या मोडेपर्यंत फळं लागली, पण लिंबाएवढी आणि पाणचट, आणि पुढच्या वर्षी एकही नाही. जूनमध्ये कोवळे शेंडे जळल्यासारखे काळे पडले. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बऱ्याच अंशी त्यांचं मूळ एकच: या झाडाला स्वतःला आवरता येत नाही. ते उंचीही जास्त घेतं आणि फळंही जास्त धरतं. आवरण्याचं काम आपल्याकडे येतं, आणि त्यासाठी वर्षातून दोनदा मन घट्ट करावं लागतं. एकदा हिवाळा सरताना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेऊन, एकदा मे महिन्यात फळं विरळताना.

पुढे दिलेले महिने या भागातल्या हवेचे, म्हणजे अमेरिकेच्या हिवाळी थंडीच्या नकाशातल्या झोन ६ आणि ७ चे आहेत. कॅलिफोर्नियात बे एरियात असाल तर वसंतातली सगळी कामं महिनाभर अलीकडे ओढा.

भारतात हे फळ अगदी अनोळखी नाही. पंजाबात होणारी पथरनाख ही कडक नासपती याच कुळातली, पायरस पायरिफोलिया. महाराष्ट्रात मात्र हे झाड नीट फळत नाही, कारण हिवाळ्यात त्याला शेकडो तास खरी थंडी लागते. त्यामुळे आपल्याकडे छाटणीचं जे घरचं ज्ञान आहे ते द्राक्षाचं आणि डाळिंबाचं. नाशिक-सांगलीकडच्या माणसाच्या हातात सिकेटर दिला की तो सवयीनं ऑक्टोबर छाटणीच करतो: काडीवर मोजके डोळे ठेवायचे, बाकी उडवायचं. द्राक्षाला ते बरोबर, कारण घड नव्या फुटीवर येतो. पेअरचं फळ मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर येतं. त्याला द्राक्षासारखं छाटलं तर त्या वर्षीचं फळ कचऱ्यात जातं आणि बदल्यात पाणसोटांचं, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या काड्यांचं, रान माजतं.

झाड अजून घ्यायचं असेल तर

जात निवडताना चवीआधी फायर ब्लाइट बघा. हा जिवाणूजन्य करपा आहे आणि अमेरिकेच्या पूर्व भागात पेअरचा एक नंबरचा शत्रू. जपानची जुनी लाडकी जात निजिस्सेइकी, जी इथे ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ नावानं विकली जाते, ती या रोगाला फार हळवी आहे. १८८८ साली चिबा प्रांतातल्या मात्सुदो गावात एका तेरा वर्षांच्या मुलाला तिचं रोप कचऱ्याच्या ढिगाऱ्यापाशी सापडलं होतं. गोष्ट सुरेख आहे, फळही सुरेख आहे, पण आपल्या दमट वसंतात ते झाड सांभाळणं म्हणजे दर जूनला धास्ती. शिनको ही सगळ्यात चिवट. फळ तपकिरी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतं आणि टिकतंही. कोरियन जायंट ऑक्टोबरपर्यंत थांबतं. होसुईची चव माझ्या मते सगळ्यांत वरची, पण तिला करपा लवकर धरतो. पिवळ्या सालीची शिनसेइकी ऑगस्टमध्येच तयार होते.

एकटं झाड लावू नका. शिनसेइकीसारख्या जाती एकट्यानं थोडीफार फळं देतात, पण परागीभवनाला दुसरी जात जवळ असेल तर फळधारणा खात्रीची. पेअरच्या मधात साखर कमी असते, त्यामुळे मधमाश्या मुद्दाम लांबून येत नाहीत. दोन्ही झाडं एकमेकांपासून पन्नास फुटांच्या आत ठेवा. कोसुई आणि शिनसुई ही जोडी मात्र टाळा, त्या दोघींचे पराग एकमेकींना चालत नाहीत. जागा दोनच झाडांची असेल तर मी शिनको आणि होसुई घेईन.

एकाच खोडावर चार जाती बांधलेलं कलम मिळतं, ते जागेच्या टंचाईत मोहात पाडतं. घ्यायला हरकत नाही, पण त्यातली एक जात दांडगी निघते आणि बाकीच्यांना दाबते. छाटताना दांडगीला जास्त आणि किरकोळ असेल तिला कमी छाटावं लागतं. पहिल्याच दिवशी प्रत्येक फांदीवर तारेनं पत्र्याची चिठ्ठी बांधा, नर्सरीचं कागदी लेबल दोन वर्षांत जातं.

लेबलवर खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलंय त्याचं, नावही असतं. ओएचएफ ८७ असेल तर झाड मध्यम उंचीचं राहतं. पाणी साचणारी चिकणमाती असेल तर बेटुलिफोलिया खुंट बरा. निदान सहा-आठ तास ऊन हवं, आणि दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर. लावताना कलमाचा जोड मातीच्या दोन-तीन इंच वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून काटेरी फुटवे आले तर समजा खालचा खुंट कॅलरियाना आहे. ही रस्त्याकडेच्या ब्रॅडफर्ड पेअरची जात, इतकी माजोरी की पेनसिल्व्हेनियानं २०२४ पासून तिच्या विक्रीवर बंदी घातली. असा फुटवा दिसला की माती उकरून मुळापासून ओढून काढा. नुसता वरून कापला तर एकाचे चार होतात.

पहिली तीन वर्षं: सांगाडा

नवीन काडी लावली की ती जमिनीपासून तीस ते छत्तीस इंचांवर छाटा. दुकानातून आणलेलं झाड त्याच दिवशी अर्धं करायला हात धजत नाही, पण फांद्या हाताच्या उंचीवर हव्या असतील तर हाच उपाय. कापाच्या खालून उन्हाळ्यात चार-सहा फुटी येतील. त्यातली सगळ्यात वरची सरळ फूट मधला शेंडा म्हणून ठेवायची आणि खालच्यांपैकी तीन-चार, वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या आणि एकमेकींपासून वर-खाली वीतभर अंतर असलेल्या, मुख्य फांद्या म्हणून.

या फांद्या सरळ वर जायला बघतात. खोड आणि फांदी यांच्यातला कोन अरुंद राहिला की तिथे साल आत दबते आणि पुढे फळांचं ओझं आलं की फांदी बरोबर तिथूनच फाटते. म्हणून फूट कोवळी असतानाच, म्हणजे वीतभर झाली की, खोड आणि फूट यांच्यामध्ये कपड्यांचा लाकडी चिमटा अडकवा. पुढच्या वर्षी चिमट्याच्या जागी दोन्ही टोकांना खाच पाडलेली पट्टी. फांदी आडवी आणि उभी यांच्या मधोमध, किंवा त्याहून थोडी आडवीकडे झुकलेली हवी. पूर्ण आडवी केलीत तर तिच्या पाठीवर पाणसोटांची रांग उभी राहते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमी छाटा. जेवढं जास्त छाटाल तेवढं झाड लाकडात रमतं आणि फळ लांबतं. या वयात सिकेटरपेक्षा दोरी आणि चिमटे जास्त उपयोगी.

फांदी वाचायला शिका

फळावर आलेल्या झाडाला कापण्याआधी एक फांदी हातात धरून नीट बघा. शेंड्यापासून बोट खाली फिरवत या. आधी गुळगुळीत, चकचकीत लाकूड लागेल. मग एका जागी बारीक सुरकुत्यांची वळी बोटाला जाणवेल. गेल्या वसंतात वाढ तिथून सुरू झाली. वळीच्या शेंड्याकडचं लाकूड एका वर्षाचं, खोडाकडचं दोन वर्षांचं. आणखी खाली दुसरी वळी असते.

आता डोळे बघा. एका वर्षाच्या लाकडावरचे बरेचसे डोळे बारीक, टोकदार, फांदीला चिकटून बसलेले असतात. ते पानांचे. दोन वर्षांच्या लाकडावर अर्धा-एक इंचाच्या आखूड, गाठाळ काड्या दिसतील, ज्यांच्या टोकाला टपोरा, खवल्याखवल्यांचा, तपकिरी डोळा असतो. या आखूड काड्यांना स्पर म्हणतात, आणि त्या एका डोळ्यातून सात-आठ फुलांचा गुच्छ निघतो. म्हणजे फेब्रुवारीत झाड नागडं असतानाच यंदा फळ कुठे येणार हे दिसत असतं. शंका आली तर एखादा डोळा नखानं उभा चिरून बघा, आत फुलांच्या बारीक हिरव्या कळ्यांचा गठ्ठा दिसतो.

स्पर दोन ते सहा वर्षांचा असेपर्यंत उत्तम फळ देतो. पुढे तो फाटे फोडत जातो, एका जागी दहा-बारा डोळ्यांची गुंतवळ होते, आणि तिथली फळं बारीक होत जातात.

दरवर्षीची छाटणी

वेळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत, कडाक्याची थंडी सरल्यावर आणि डोळे फुगायच्या आत. कोरडा दिवस निवडा. डिसेंबरच्या सुट्टीत वेळ आहे म्हणून छाटून टाकू नका, ताज्या कापांना जानेवारीची थंडी बाधते.

हत्यारं तीन: धारदार सिकेटर, लांब दांड्याचा लॉपर आणि घडीची करवत. सिकेटर दोन पाती एकमेकांवरून सरकणारा घ्या. एक पातं सपाट ठोकळ्यावर आपटतं तो ओली फांदी चेचतो. सोबत ७० टक्के रबिंग अल्कोहोलची फवारणीची बाटली. झाडात रोग असेल तर प्रत्येक कापानंतर, नसेल तर निदान झाड बदलताना, पाती पुसा.

आता क्रम. आधी मेलेलं, मोडलेलं, रोगट. खोडावर किंवा जाड फांदीवर साल खोल गेलेली, काळपट, कडेला भेग पडलेली जागा दिसली तर ती फायर ब्लाइटची जुनी जखम असू शकते, आणि जिवाणू हिवाळा तिथेच काढतो. ती फांदी जखमेच्या बरीच खालून काढा.

मग बुंध्याचे आणि जोडाखालचे फुटवे. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक. त्यानंतर आतल्या बाजूला वळलेल्या, खोडाकडे उलट्या निघालेल्या फांद्या. इथवर कुणाचंही एकमत होतं आणि फार विचार लागत नाही.

विचार लागतो तो पाणसोटांपाशी. मुख्य फांद्यांच्या पाठीवर गेल्या उन्हाळ्यात सरळ उभ्या, तीन-चार फूट वाढलेल्या काड्या असतात. पहिला मोह सगळ्या अर्ध्यावर तोडायचा. तसं केलं की प्रत्येक कापाखालून तीन-तीन नव्या काड्या येतात आणि पुढच्या फेब्रुवारीत झाडाचा खराटा झालेला असतो. काढायची तर फांदी मुळातून काढा. अर्ध्यावर तोडणं हे एशियन पेअरमध्ये अपवादानं करायचं काम आहे: नव्या झाडाला आकार देताना, किंवा फार लांब गेलेली काडी आखूड करताना.

पण सगळेच पाणसोट काढू नका. दर दोन-अडीच फुटांवर एक मध्यम जाडीचा ठेवा आणि दोरीनं खाली ओढून तिरपा बांधा. वाकवलेल्या काडीचा जोर कमी होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिच्यावर स्पर भरतात. जपानमध्ये पेअरच्या बागा माणसाच्या उंचीच्या आडव्या तारांच्या मांडवावर वाढवतात. वादळी वाऱ्यात फळ गळू नये हा एक हेतू, आणि काम उभ्यानं होतं हा फायदा. त्यांचं सगळं तंत्र याच एका गोष्टीवर चालतं: जुनी फळफांदी थकली की बुंध्याजवळची तरुण काडी वाकवून तिच्या जागी बांधायची. परसात मांडव नको, कल्पना मात्र जशीच्या तशी उचलावी. दरवर्षी एक-दोन जुन्या फांद्या काढा आणि एक-दोन तरुण वाकवा.

मग उंची. शिडीशिवाय किंवा दोन पायऱ्यांच्या घडवंचीवरून हात पोहोचेल तेवढीच ठेवा, म्हणजे आठ-नऊ फूट. त्याहून वरची फळं शेवटी खारींचीच असतात. उंची कमी करताना मधला शेंडा हवेत अर्धवट कापू नका. खाली एखादी बाहेर झुकलेली चांगली बाजूची फांदी शोधा आणि तिच्या वर लगेच कापा, म्हणजे तीच नवा शेंडा होते.

शेवटी स्परची गुंतवळ विरळ करा. खालच्या बाजूला लोंबणारे आणि बारीक डोळ्यांचे स्पर खुडून टाका, टपोरे ठेवा. इथे कापलेला प्रत्येक डोळा म्हणजे मे महिन्यात तोडावी लागणारी चार-पाच फळं कमी.

काप कुठे घ्यायचा हे महत्त्वाचं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची थोडी फुगलेली कड असते. काप तिच्या लगेच बाहेर, कड शाबूत ठेवून. खोडाला अगदी घासून कापलं तर जखम मोठी होते, खुंटी ठेवली तर ती कुजते. मनगटाएवढी फांदी असेल तर करवतीचे तीन काप. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं बाहेरून वरून पूर्ण, म्हणजे ओझं सालपट न ओढता पडतं. मग उरलेली खुंटी कडेपाशी. आपल्याकडे कापावर बोर्डो पेस्ट लावायची पद्धत आहे, म्हणून इथेही दुकानातला काळा लेप आणला जातो. तो लावू नका. काप उघडाच ठेवा, झाड स्वतः त्याला वेढून घेतं.

एका वर्षी झाडाचा पाव भागापेक्षा जास्त भाग काढू नका. मधूनमधून चार पावलं मागे जाऊन बघा. कापलेली फांदी परत लावता येत नाही, शंका असेल ती पुढच्या वर्षासाठी राहू द्या.

घराबरोबर मिळालेलं वीस फुटी झाड

याला एका हिवाळ्यात वठणीवर आणू नका. तीन वर्षं धरा. पहिल्या वर्षी मेलेलं-रोगट काढा आणि सगळ्यात उंच, मधोमध उभ्या असलेल्या एक-दोन जाड फांद्या खालच्या फाट्यापर्यंत उतरवा. आत ऊन शिरलं की जुन्या लाकडातून भरपूर फुटी येतील. जुलैत त्यातल्या बऱ्याचशा हातानं ओढून काढा, कोवळ्या असताना बुडासकट निघतात. मोक्याच्या जागेवरच्या मात्र ठेवा. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी दोन उंच फांद्या, आणि ठेवलेल्या काड्या वाकवून बांधा. तिसऱ्या वर्षी उरलेली उंची. या काळात खत अजिबात नको, एवढी छाटणी केल्यावर मुळांकडे आधीच जोर शिल्लक असतो.

डोळे फुटल्यापासून फुलं गळेपर्यंत

डोळे फुगायच्या आत एकदा डॉर्मंट ऑइल फवारा, त्यानं पेअर सिला ही रस शोषणारी कीड आणि खवले कीड आटोक्यात राहते. तापमान ४० फॅरनहाइटच्या वर हवं आणि रात्री गोठण नको. मात्रा लेबलवर असते तीच. होसुईसारखी हळवी जात असेल तर हिरवं टोक दिसताच तांब्याचं बुरशीनाशक एकदा.

एप्रिलच्या मध्यावर बहर येतो, आणि थंडीची शेवटची रात्र त्यानंतरही येऊ शकते. फुलं पूर्ण उमललेली असताना २८ फॅरनहाइटला थोडीच दगावतात, २४-२५ ला जवळपास सगळी. छोट्या झाडावर रात्रीपुरती जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा आणि सकाळी काढा. मोठ्या झाडाचं नशीब त्याच्याबरोबर.

याच दिवसांत फायर ब्लाइट फुलातून शिरतो. हवा ६५ फॅरनहाइटच्या वर आणि पाऊस किंवा जड दव, एवढं त्याला पुरतं. मे-जूनमध्ये गुच्छ काळे पडून सुकतात, कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि पानं काळी होऊनही गळत नाहीत. दिसताक्षणी, कोरड्या दिवशी, काळ्या भागाच्या आठ ते बारा इंच खाली निरोगी लाकडात कापा. दर कापाला पातं अल्कोहोलनं पुसा, आणि तुकडे पिशवी बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. थांबलात तर तो फांदीतून खोडात उतरतो आणि मग झाडच काढावं लागतं.

विरळणी

छाटणी थोडी चुकली तरी झाड निभावून नेतं, विरळणी टाळली तर फळ हातचं जातं. एकेका गुच्छात चार-पाच फळं धरतात आणि झाड ती स्वतःहून पुरेशी गाळत नाही. फळातल्या पेशींची संख्या वाढते ती फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. त्याच वेळी गर्दी कमी झाली तर फळ मोठं होतं. जुलैत जाग येऊन तोडलीत तर फांदी वाचेल, आकार वाढणार नाही. शिवाय पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे जून-जुलैत तयार होतात, आणि झाडावर फळांची खच्चून गर्दी असली की ते तयारच होत नाहीत. एक वर्ष सोडून एक वर्ष फळ येतं ते यामुळे.

मेच्या मध्यापासून, फळ बोराएवढं असताना, सुरुवात करा. गुच्छ डाव्या हातात धरून बघा. पेअरमध्ये बुडाकडचं फूल आधी उमलतं, आणि त्याचं फळ थोडं चपटं होतं. अगदी टोकाकडची फळं बारीक राहतात. मधलं, लांब आणि जाड देठाचं, खालच्या अंगाला किंवा बाजूला वळलेलं फळ ठेवा. बाकीच्यांचे देठ बारीक कात्रीनं अर्ध्यावर कापा. ओढून काढायला गेलात तर अख्खा स्पर हातात येतो. डाग पडलेलं, वाकडं, टोचलेलं फळ कितीही मोठं असलं तरी जाणार. पहिल्या फेरीत प्रत्येक गुच्छात एक फळ. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, ज्यात दोन फळांमध्ये निदान पाच-सहा इंच अंतर राहील. जपानी बागायतदार तीन गुच्छांमागे एकच फळ ठेवतात. परसातल्या झाडाला एवढं कडक व्हायची गरज नाही, पण दिशा तीच.

नेमके याच दिवसांत भारतातून आई-वडील, सासू-सासरे आलेले असतात. झाडाखाली शेकडो हिरव्या गोट्यांचा सडा पडलेला बघून आमच्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “अगं, लागलेलं फळ कुणी असं तोडतं का?” समजावण्यात वेळ घालवू नका. एक फांदी त्यांच्या नावानं न विरळता सोडून द्या. सप्टेंबरमध्ये दोन्ही फांद्यांची फळं त्यांच्यासमोर ठेवली की पुढच्या मे महिन्यात कात्री त्याच मागतात.

पिशव्या, किडी, हरणं

दुसऱ्या विरळणीबरोबरच फळांना पिशव्या घाला. फळात अळी सोडणारा कॉडलिंग मॉथ आणि प्लम कर्क्युलिओ दोन्ही अडतात, आणि फवारणी जवळजवळ बंद होते. जपानी कागदी पिशवी उत्तम, पण जाळीदार ऑर्गन्झाची दोरीची पिशवीही चालते. तोंड देठाभोवती घट्ट आवळा. स्टिंक बग जाळीवर बसून आतल्या फळाला सोंड टोचतो, म्हणून पिशवी फळाला चिकटलेली नको, सैल हवी. हा तपकिरी स्टिंक बग पूर्व आशियातला. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला सापडला, म्हणजे आपल्या शेजारीच.

पानांवर चमकदार नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. त्याचं अर्धं आयुष्य ज्युनिपरवर जातं. तुमच्या दारात शोभेचा ज्युनिपर असेल तर तो काढणं हाच खरा उपाय, शेजाऱ्याचा असेल तर सहन करा. परसातल्या झाडाचं सहसा फार बिघडत नाही.

हरणासाठी आठ फुटांचं कुंपण लागतं, ते बऱ्याच टाउनशिपमध्ये परवानगीविना चालत नाही. त्यापेक्षा झाडाभोवती वेल्डेड तारेचा गोल पिंजरा करा, फांद्यांना तोंड पोहोचणार नाही एवढ्या घेराचा. हिवाळ्यात बुंध्याला उंदीरवर्गी प्राणी कुरतडतात, त्यासाठी बारीक जाळी दोन इंच मातीत रोवून उभी करा. खारींना मात्र काहीच पुरत नाही. पिशवी त्या सोडवून नेतात. झाड कुंपणापासून आणि इतर झाडांपासून सुटं असेल तर खोडाभोवती पत्रा लावून बघा.

पाणी, खत आणि लॉनवाले

आठवड्याला पावसासकट एक इंच पाणी हवं, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. खूप कोरडं आणि मग एकदम मुबलक असं झालं तर फळ तडकतं. आळ्यात तीन-चार इंच लाकडाच्या चिप्सचं आच्छादन घाला, खोडाला टेकू न देता. इथल्या लँडस्केपवाल्यांसारखा खोडाभोवती ढीग रचला तर साल कुजते.

खत कमीच. शेंड्यांची वर्षाची वाढ मोजा. एक ते दीड फूट असेल तर काही देऊ नका, दोन फुटांच्या वर असेल तर नत्र नक्कीच जास्त झालंय. माजलेली, लुसलुशीत फूट म्हणजे फायर ब्लाइटला आमंत्रण. पुष्कळदा हे नत्र आपण दिलेलंच नसतं. झाड लॉनमध्ये असतं, आणि लॉनवाला वर्षातून चार-पाच वेळा खत पसरून जातो. फांद्यांच्या घेराएवढी जागा त्याला वगळायला सांगा, गवताच्या तणनाशकापासूनही, आणि ट्रिमरची दोरी खोडाला लागणार नाही एवढं आळं मोठं ठेवा. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून दोन-तीन वर्षांनी एकदा मातीचं परीक्षण करून घेतलं की अंदाजाचं काम उरत नाही.

जुलैच्या शेवटी एक हलकी उन्हाळी छाटणी करा: फळांवर सावली धरणाऱ्या उभ्या काड्या फक्त. ऑगस्टच्या मध्यानंतर हात आवरा, उशिरा फुटलेली कोवळी फूट थंडीत मरते. नोव्हेंबरमध्ये तरुण खोडाला पांढऱ्या लेटेक्स रंगात निम्मं पाणी मिसळून फासा. हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हानं तापलेली साल रात्री गोठून फाटते, ते थांबतं.

फळ उतरवणं

बार्टलेटसारखं युरोपियन पेअर कच्चं तोडून घरात पिकवायचं असतं. एशियन पेअर झाडावरच पिकतं आणि कडक असतानाच खायचं. मऊ होण्याची वाट बघत बसलात तर ते पिठूळ होऊन जातं. तपकिरी जातीत सालीच्या खालची हिरवी झाक जाऊन सोनेरी रंग आला, पिवळ्या जातीत हिरव्याचा पिवळा झाला, की एक फळ हातात घेऊन वर उचला आणि हलकं वळवा. सहज सुटलं तर तयार. खात्रीसाठी चाखाच, रंगापेक्षा जीभ खरी. एकाच झाडावरची फळं एकदम तयार होत नाहीत, आठवडाभराच्या अंतरानं दोन-तीन तोडे घ्या. आधी वरची आणि उन्हाकडची.

साल दिसते त्यापेक्षा खूप नाजूक असते, बोट दाबलं तर दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग. बादलीत टाकू नका, टोपलीत कापड अंथरून एकेक ठेवा. तोडल्या तोडल्या देठ सिकेटरनं फळालगत कापा, नाहीतर एकाचं कडक देठ शेजारच्याला टोचतं आणि तिथून ते सडायला लागतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सैल तोंडाच्या पिशवीत होसुई महिनाभर राहते, शिनको आणि कोरियन जायंट दोन-तीन महिने. सफरचंदं त्याच कप्प्यात ठेवू नका. आणि डिसेंबरमध्ये पिशवी उघडाल तेव्हा आधी डाग पडलेली संपवा. चिरून मीठ-तिखट लावली तर ती तेवढ्यापुरती पेरूची जागा घेतात.